पुढं उभी राहणारी आक्का

आमच्या गावाला दौरा लागायचा तो तुरी निघाल्यावर, पौष-माघात. तहसीलदार, त्याचा कारकून, चपराशी, चार-दोन जवान आणि घोडी असा सगळा लवाजमा यायचा आणि गावाबाहेरच्या आमराईत डेरे पडायचे. मुक्काम चार दिवसांचा असो की आठ, तेवढे दिवस गाव आपलं राहत नसे. गड्यांनी गाड्या जुंपायच्या, घोड्यांना कडबा टाकायचा, लाकडं फोडायची. बायांनी डेऱ्याखालची जमीन सारवायची, दळण दळायचं, पाणी भरायचं. याला वेठ म्हणत. घरागणिक एक बाई आणि एक गडी. नाही म्हणायची सोय नव्हती. जवान दारात येऊन हातातली काठी उंबऱ्यावर आपटायचा आणि त्या आवाजाला घरातलं माणूस उठून चालू लागायचं.

मी त्या गावात लग्न होऊन आले तेव्हा पंधरा वर्षांची होते. निजामाचं राज्य होतं आणि ते कधी संपेल असं तेव्हा कुणी स्वप्नातही म्हटलं नसतं. माझं माहेर पूर्णेचं. वडील रेल्वेत रुळांचे सांधे बदलायच्या कामावर होते. रेल्वेच्या वस्तीत राहिल्यामुळं मी चार बुकं शिकले होते. सासर पिंगळीच्या स्टेशनापासून तासाभराच्या वाटेवर. तिथं आल्यावर सासूबाईंनी पहिल्याच आठवड्यात बजावलं, "तुला लिव्हता येतं म्हनून कुनाला सांगू नको. आपल्या घरात ते शोभत न्हाई." मी सांगितलं नाही. पण गावात असल्या गोष्टी लपत नाहीत.

माझे सासरे गावातले मानाचे माणूस. कुणाचा बांधाचा तंटा असो की सोयरिकीतला रुसवा, लोक त्यांच्याकडं येत. त्यांचा आवाज कधी चढला नाही. दौरा आला की तेच पुढं होऊन हात जोडत. म्हणत, "सायेब, औंदा मानसं कमी हायेत, जरा सांभाळून घ्या." साहेब मान डोलवायचा, आणि वेठ होती तशीच चालायची. सासरे घरी येऊन म्हणायचे, "सांगितलंय. पुढल्या साली बगू म्हनले." मला सासऱ्यांविषयी फार आदर होता, आजही आहे. पण ते पुढलं साल कधी उजाडलं नाही, हेही खरं.

दुसऱ्या मोठ्या लढाईच्या दिवसांतली गोष्ट. माझ्या थोरल्या जाऊबाईंना सातवा महिना होता. दौरा आला त्या दिवशी मी बाहेरची झाले होते, परसात बाजूला बसले होते. वेठीवर जायची पाळी खरं तर माझीच होती. जवान दारात आला तेव्हा सासरे म्हणाले, "एक बाई बाहेर बसलीय, दुसरी जड अंगाची हाय. दोन दिवसांनी पाठवतो." जवान म्हणाला, "घरातून एक बाई. कोणची ते तुमी बघा." सासूबाई गुडघ्यांनी अधू होत्या. शेवटी जाऊबाईच उठल्या. जाताना परसाच्या भिंतीवरून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "चार खेपा तर हायेत. येते मी."

आमराईजवळची विहीर पायऱ्यांची होती. तिसऱ्या खेपेला डोक्यावर घागर आणि कडेवर कळशी घेऊन वर येताना त्यांचा पाय सरकला. बायांनी उचलून घरी आणल्या. तिसऱ्या दिवशी मूल झालं ते मेलेलंच. मुलगी होती. त्या मुलीचं तोंड मी पाहिलं नाही, कारण मला पाहू दिलं नाही. पण जाऊबाई भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या, त्यांची ती पाठ मी पुढं कित्येक महिने डोळ्यांसमोरून हलवू शकले नाही. माझ्या जागी त्या गेल्या होत्या. त्यांनी हे कधी बोलून दाखवलं नाही. एकदा जरी बोलल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

आक्का आमच्या घरी आली ती त्यानंतर आठ दिवसांनी.

आक्का गावच्या दुसऱ्या टोकाला राहायची. चाळिशीची असेल. नवरा बैराग्यांच्या मागं निघून गेला होता, त्याला बारा-पंधरा वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सासरच्या भाऊबंदांनी जमीन मागितली तेव्हा ही औत घेऊन शेतात उभी राहिली आणि स्वतः नांगरट केली, असं सांगत. तेव्हापासून ती स्वतःच शेत करत होती. उंच, काळीसावळी, बोलायला तुटक. लहानथोर सगळे तिला आक्काच म्हणत.

ती आली आणि सासऱ्यांच्या समोर ओट्यावर बसली. बायका त्यांच्यासमोर बसत नसत. कमरेच्या पिशवीतून तिनं घडी घातलेला कागद काढला. परभणीच्या बाजारात मिळालेला वर्तमानपत्राचा तुकडा होता तो.

"दादा, तुमच्या धाकल्या सुनंला हे वाचायला सांगा."

सासरे आत बघून म्हणाले, "ये पोरी."

मी पदर पुढं ओढून आले आणि वाचलं. त्यात लिहिलं होतं की वेठ घेणं सरकारनंच कधीचं बंद केलेलं आहे, तसा हुकूम आहे, तरी खेड्यापाड्यांत अंमलदार वेठ घेतातच. आक्कानं मला तो मजकूर तीनदा वाचायला लावला. तिसऱ्या वेळी माझ्याबरोबर तिचेही ओठ हलत होते. चौथ्या वेळी मी गप्प बसले आणि तिनं तो सगळा तोंडपाठ म्हणून दाखवला.

"म्हंजे त्यांच्याच सरकारचा हुकूम हाय," ती म्हणाली. "आन् त्योच मोडून त्यांनी आपली लेक मारली."

सासरे हळूच म्हणाले, "आक्का, मी पुन्यांदा बोलतो सायबाशी."

"तुमी लय साल बोलायलात दादा. तुमचं बोलनं गोड हाय, म्हनून त्यायला ते ऐकायला बरं वाटतंय." ती उठली. "मला अर्ज लिव्हून पायजे. ह्या पोरीच्या हातचा."

सासूबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. मी सासऱ्यांकडं पाहिलं. ते जमिनीकडं बघत होते. मग म्हणाले, "लिव्ह." त्यांच्या तोंडून तो एक शब्द निघायला किती वेळ लागला ते मला अजून आठवतं.

अर्ज मी मराठीत लिहिला. दोन दिवसांनी आक्का, मी आणि सोबतीला माझे मालक असे पिंगळीहून गाडीत बसून परभणीला गेलो. कचेरीत आक्का माझा हात धरून सरळ आत शिरली. कारकुनानं कागद घेतला, उलटा-सुलटा केला आणि टेबलावरून खाली सरकवून दिला. "इथं उर्दूत द्यावं लागतं." तो जमिनीवर पडलेला कागद मी उचलायला वाकले तर आक्का म्हणाली, "थांब." ती कारकुनाकडं बघत उभी राहिली. असा बराच वेळ गेला. आजूबाजूचे लोक बघायला लागले. शेवटी तो कारकून खुर्चीतून उठला, वाकला, कागद उचलला आणि तिच्या हातात दिला. अर्ज घेतला नाही तो नाहीच, पण परत येताना मला वाटलं, आपण हरून चाललेलो नाही.

गावात उर्दू लिहिणारे एकच होते, मुल्लाजी. मशिदीशेजारी दोन खोल्यांच्या घरात राहायचे. पांढरी दाढी, डोळ्यांना जाड चष्मा, एका कानानं थोडं कमी ऐकू यायचं. आक्कानं त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आक्का, मेरेकू भी इसी गाव में रहना है. मला त्रास झाला तर?"

आक्का म्हणाली, "व्हईल तरास. खोटं कामून सांगू?"

मुल्लाजी हसले. म्हणाले, "दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, काही होणार नाही." आणि दौत पुढं ओढली. तो अर्ज टपालानं कचेरीत गेला. वर्ष होत आलं तरी उत्तर आलं नाही.

मग आक्कानं गावातल्या बायांना गोळा करायचं ठरवलं. तेव्हा सभा घ्यायची तर आधी परवानगी काढावी लागे आणि ती मिळत नसे. म्हणून तिनं संक्रांतीचं हळदीकुंकू मांडलं, तेही घरात नाही तर खळ्यावर. घरात बोलावलं असतं तर महारवाड्यातल्या बाया उंबऱ्याबाहेर राहिल्या असत्या. खळ्याला उंबरा नव्हता. विधवांना बोलावलं, मुल्लाजींच्या घरच्यांना बोलावलं. काही बाया विटाळाच्या भीतीनं आल्याच नाहीत. ज्या आल्या त्या लांब लांब बसल्या. जाऊबाई आल्या होत्या. घराबाहेर त्यांचं ते पहिलंच पाऊल.

आक्काला भाषण येत नव्हतं. तिनं आधी तो पाठ केलेला मजकूर म्हणून दाखवला. मग म्हणाली, "औंदा दौरा आला की कुनीबी पानी भरायचं न्हाई. दळायचं न्हाई. सारवायचं न्हाई. कुनाला शिवी द्यायची न्हाई, दगड उचलायचा न्हाई. निस्तं बसायचं."

एक म्हातारी म्हणाली, "मारलं तर?"

"पयला मार मला बसंल. मी पुढं बसनार हाय. तुमी माझ्या मागं बसा."

कुणीतरी विचारलं, विहिरीचं पाणीच तोडलं तर? आक्कानं जोरात मान हलवली. "पानी कुनाचं तोडायचं न्हाई. घोडी बी तहानत्यात. दोर ठिवू, पोहरा ठिवू. ज्याला पायजे त्यानं शेंदून घ्यावं."

त्या माघात दौरा आला. सकाळी जवान गल्लीत आला, उंबऱ्याउंबऱ्यावर काठी आपटत गेला. घरोघर दारं उघडी होती, पण घरात बाया नव्हत्या. आम्ही तीस-पस्तीस जणी आमराईच्या विहिरीजवळ बसलो होतो. काठावर दोर आणि पोहरा व्यवस्थित ठेवला होता. आक्का सगळ्यांत पुढं, तिच्या मागं जाऊबाई, त्यांच्या शेजारी मी.

जवान आला, ओरडला, काठी उगारली. आक्का बसल्या जागी म्हणाली, "मार." त्यानं एक काठी तिच्या खांद्यावर मारली. ती कण्हली, पण जागची हलली नाही. त्यानं दुसरी उगारली तेव्हा जाऊबाई सरकून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. ज्या बाईनं वर्षभरात मोठ्यानं एक शब्द काढला नव्हता तिनं मान वर करून जवानाकडं पाहिलं. तिला बहुतेक त्यानं ओळखलं असावं. काठी खाली आली ती नुसतीच.

थोड्या वेळानं साहेब स्वतः आला. मागून पुरुषमंडळीही जमली होती, लांब उभी होती. साहेबाच्या हातात आमचा अर्ज होता. म्हणजे पोचला होता तर.

"ये किसने लिखा?"

"मी," आक्का म्हणाली.

साहेब हसला. "तुला लिहिता येतं? उर्दू?"

तेवढ्यात गर्दीतून मुल्लाजी पुढं आले. काठी टेकत, चष्मा सावरत. म्हणाले, "हुजूर, लिखा मैंने है." साहेबाचा चेहरा पडला. त्याला तो माणूस तिथं अपेक्षित नव्हता. आणि मग माझं मला कळायच्या आत मी उभी राहिले आणि म्हणाले, "आधी मराठीत मी लिहिला होता. तो तुमच्या कचेरीत घेतला नाही." एवढ्या लोकांत मी बोलले याचं मलाच नवल वाटलं. पुरुषांच्या घोळक्यात सासरे उभे होते. त्यांनी डोक्याचं पागोटं सारखं केलं आणि चालत चालत येऊन आमच्या मागं, बायांच्या मागं, मातीत बसले. मग आणखी दोघं-तिघं आले. माझे मालक आले.

साहेबानं आक्काला धरून न्यायला लावलं. जमाव जमवला म्हणून. तिला गाडीत बसवताना ती आम्हाला एवढंच म्हणाली, "उठू नका. सांजपतुर बसा." आम्ही बसलो. दुपारी चपराशी आला, त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि पोहरा विहिरीत सोडला. त्याला शेंदायची सवय नव्हती, दोर हातातून घसरत होता. एकीलाही हसू आलं नाही. उलट एक म्हातारी बसल्या जागेवरून त्याला म्हणाली, "दोर पायाखाली दाब बाबा, हात सोलंल."

आक्का अकरा दिवस परभणीच्या कोठडीत होती. बाराव्या दिवशी सोडली. तिला आणायला सासरे स्वतःची बैलगाडी घेऊन गेले. वाटेत ते तिला काय म्हणाले ते मला ठाऊक नाही, पण त्यानंतर गावात काही बोलणं निघालं की ते म्हणत, "आक्काला इचारा." दौरा पुढच्या वर्षी आला तेव्हा डेरे शेजारच्या गावाला पडले. पाठोपाठ त्या गावच्या बाया आक्काकडं आल्या. मग आणखी एका गावच्या. आक्का कधी पायी, कधी गाडीवाटेनं जायची. मी बरोबर असायची, अर्ज लिहायला. सासूबाईच भाकरी बांधून देत. पहिल्या वेळी दिली तेव्हा म्हणाल्या, "अक्षर नीट काड."

या सगळ्या वर्षांत मी मोठी मोठी माणसंही पाहिली. चांगली शिकलेली, सभेत बोलणारी. त्यांतल्या काहींनी खूप सोसलं आणि त्यांना मी कमी लेखत नाही. पण आक्काकडून मला एक कळलं. लोकांना पुढं ढकलणारी माणसं पुष्कळ असतात. तिचं तसं नव्हतं. ती आधी स्वतः जाऊन बसायची आणि मग मागं वळून बघायचीसुद्धा नाही, कोण आलंय म्हणून.

पुढं सत्तेचाळीस साल आलं. बाकी देश मोकळा झाला आणि आमच्याकडं उलट काळोख दाटला. निजामाच्या बाजूच्या, भाले-बंदुका घेतलेल्या टोळ्या गावोगाव फिरू लागल्या. गंजी जाळल्या, जनावरं नेली. कित्येक घरं बायकापोरांसह सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात निघून गेली. आमच्या गावातून धान्य नेलं तेव्हा त्या टोळीत मुल्लाजींचा पुतण्या होता. मुल्लाजींनी त्याला घरात घेणं बंद केलं होतं, पण तो त्यांचा पुतण्या होता एवढंच लोकांच्या ध्यानात राहिलं.

अठ्ठेचाळीसच्या सप्टेंबरात फौजा आल्या आणि चार-पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. गावात ढोल वाजले. पुतण्या कधीच पळून गेला होता. त्यानंतरच्या आठवड्यात, दिवसाउजेडी, दुपारच्या वेळी मला गलका ऐकू आला. बाहेर येऊन पाहते तर पंधरा-वीस गडी मशिदीकडं चालले होते. हातात काठ्या, कुऱ्हाडी. काही बाहेरगावचे होते, काही आमचे. त्यांच्यात माझे मालक होते.

मी धावत गेले. मुल्लाजींच्या दारात आक्का आधीच बसलेली होती. शेतातून तशीच आली असावी, पायांना चिखल होता. उंबऱ्यावर पाठ टेकून, पाय पसरून बसली होती, जशी धान्य निवडायला बसावी.

"आक्का, बाजूला व्हा," कुणीतरी ओरडलं. "आमचं तुमच्याशी काय न्हाई."

"माझं तुमच्याशी हाय की."

"त्याच्या पुतन्यानं आमची गंजी जाळली."

"मग पुतन्याला हुडका. कोर्टात उभा करा, मी साक्ष द्यायला येते. ह्या म्हाताऱ्यानं काय जाळलं?"

"तुमाला त्यायचा पुळका कामून आलाय?" बाहेरगावचा एक जण म्हणाला. "ह्यायच्याच सायबानं तुमाला कोठडीत घातलं हुतं ना?"

आक्काचा आवाज तेव्हा चढला. मी तो तसा चढलेला पहिल्यांदाच ऐकला. "मला कोठडीत घातलं ती वेठ मोडली म्हनून. तो अर्ज ह्यानं लिव्हला हुता. तवा तू कुठं हुतास रं? गावातल्या एका गड्यानं तरी त्या दिशी सोताचं नाव सांगितलं हुतं का सायबाला? ह्यानं सांगितलं."

मी जाऊन तिच्या शेजारी बसले. मालकांनी मला पाहिलं. जवळ आले, खालच्या आवाजात म्हणाले, "घरी चल."

"तुमी व्हा पुढं. मी येते."

"लोक बघायलेत."

"मला माहीत हाय," मी म्हणाले. "तुमी बी बघा की, कोन कोन हाय तुमच्यासंगं."

त्यांनी खरंच मागं वळून पाहिलं. तेवढ्यात गल्लीच्या तोंडातून जाऊबाई येताना दिसल्या. त्यांच्या मागं आणखी दोघी. मग विहिरीवर दोर दाबायला सांगणारी ती म्हातारी, काठी टेकत. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. एकेक येत गेली आणि दारापुढं बसत गेली. आतून मुल्लाजींच्या बायकोचं रडणं ऐकू येत होतं. उन्हानं डोकं तापलं होतं. कुऱ्हाड घेतलेल्या एकानं ती खांद्यावरून खाली घेतली, कशाला ते कळेना. त्यानं ती नुसतीच जमिनीला टेकवली. त्याची आईच आमच्यात बसली होती.

सगळ्यांत आधी माझे मालक तिथून हलले. हातातली काठी त्यांनी भिंतीला उभी करून ठेवली आणि घरी न जाता सरळ शेताकडं निघून गेले. मग आमच्या गावचे एकेक पांगले. बाहेरगावचे काही वेळ शिव्या देत उभे राहिले आणि गेले. आसपासच्या सगळ्याच गावांत असं झालं नाही. जिथं झालं नाही तिथलं मी इथं लिहीत नाही, पण विसरलेही नाही.

आक्का दिवस मावळेपर्यंत उठली नाही. उठायला लागली तेव्हा तिला आधार द्यावा लागला. तिच्या घरी मी तिचे पाय चेपत बसले. तिचं अंग तापलं होतं.

"आक्का, भ्या वाटलं का?"

"लय वाटलं," ती म्हणाली. "सायबापुढं बसले तवा एवढं वाटलं न्हवतं. सायेब परका हुता. आज समोर समदी आपलीच पोरं. त्यायनी मारलं असतं तर मी कुनाला तोंड दाखवनार हुते?" जरा वेळानं म्हणाली, "तुझा नवरा उपाशी असंल. जा."

मालक माझ्याशी आठ-दहा दिवस बोलले नाहीत. मीही बोलले नाही. मी ताट वाढायची, ते जेवायचे. गावातल्या काहींनी आक्काच्या घरावरून जाणं सोडलं. पुढं कुणी कुणी टोपीवाले पुढारी मोटारीनं आले, हार-तुरे झाले, गावातून कुणी काय केलं त्याची नावं लिहून नेली. आक्काचं नाव कुणी सांगितलं नाही. सासरे सांगणार होते, पण ते त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते. मी हे तिला चिडून सांगितलं तर ती म्हणाली, "रब्बी लांबलीय, त्याचं बोल."

तिची पेरणी खरंच लांबली होती. तापात तिचा पंधरवडा गेला होता. एक दिवस सकाळी मालकांनी बैल सोडले, तिफण खांद्यावर घेतली आणि आमच्या शेताच्या उलट्या दिशेला निघाले. मी विचारलं नाही. दुपारची भाकरी घेऊन आक्काच्या शेतावर गेले तर ते तिची ज्वारी पेरत होते. आक्का बांधावर कपाळाला हात लावून, उन्हाला डोळे बारीक करून बघत उभी होती. दोघांत एक शब्दही बोलणं झालेलं नसावं. मी जवळ गेले तेव्हा ती तिथूनच मोठ्यानं ओरडली,

"अरे, तास वाकडं जायलंय! सरळ धर की!"

मालकांनी बैल थांबवले, मागं वळून पाहिलं आणि म्हणाले, "धरतो, आक्का."

मी भाकरी बांधावर ठेवली आणि तिघांपुरतं पाणी आणायला ओढ्याकडं गेले.